पांढऱ्या मातीचा गुण

जळगाव,
१४ जुलै १९६८

चि. दीपचंद यास जतनबाईचे अनेक आशीर्वाद.

बोलणं माझं आहे, अक्षर चंद्रकांताचं. माझ्या डोळ्यांतला मोतीबिंदू अजून पिकतोच आहे आणि लालचंदला दुकानातून मान वर करायला फुरसत नाही, म्हणून मी सांगते आणि सून लिहिते. आज मात्र अवघड झालंय, कारण जिच्याबद्दल लिहायचं तिच्याच हातून लिहवून घ्यायचं आहे. आत्तापर्यंत दोनदा लेखणी थांबली. मी म्हटलं, लिही मुकाट्याने, तुझ्याच भल्याचं आहे.

तर तुझ्या या भाचसुनेचा चेहरा पांढराफटक पडलाय. पायांवर सूज आहे. माडीचा जिना चढली की वरच्या पायरीवर बसून राहते. गेल्या महिन्यात मी मागच्या अंगणात गेले तर ही भिंतीचे पोपडे काढून खात होती. मला वाटलं, डोहाळे! लग्नाला पाच वर्षं झाली, मी कोणाला काही न विचारता शेजारच्या चार घरी गूळ वाटून आले. पंधरा दिवसांनी कळलं की तसं काहीच नाही. आता त्या चार घरांसमोरून जायची मला चोरी झाली आहे.

मग जीवराम वैद्यांना बोलावलं. त्यांनी नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, पोटात जंत आहेत, तेच रक्त खातात. औषध देतो, दोन दिवसांत मरून पडतील. मी म्हटलं, थांबा.

कारण असं, की आषाढी चौदसला मी जैन स्थानकात साध्वी महासतीजींसमोर उभी राहून नियम घेतला आहे. चातुर्मासाचे चार महिने माझ्या घरात जाणूनबुजून एकही जीव मारला जाणार नाही. साऱ्या घराचा हा नियम, हे पच्चक्खाण, मी एकटीने घेतलं. आता जंत हा जीव नाही का? लालचंद म्हणतो, मुंगी वेगळी आणि जंत वेगळा. मी म्हटलं, कुठल्या पोथीत लिहिलंय ते दाखव. तो चप्पल घालून दुकानात निघून गेला.

तू वीस वर्षं काष्ठौषधींचं दुकान चालवतोस. मला एवढंच सांग, जंत न मारता बाहेर काढायचं काही औषध आहे का? चंद्रकांता म्हणते, मी कार्तिकापर्यंत थांबते. ती म्हणणारच, दुसरं काय म्हणेल. पण ती जिना चढते तेव्हा तिचा श्वास मला खालच्या खोलीत ऐकू येतो. मला भीती वाटते रे, दीपचंद.

सौ. हीराला आशीर्वाद सांग.

जतनबाई


धुळे,
१९ जुलै १९६८

ती. अक्कांच्या पायांशी दीपचंद.

तुमचं पत्र आलं आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. वावडिंग विकतो, पळसपापडी विकतो, शुद्ध गंधक विकतो. सगळी जंतावरची औषधं. पण ही मारतात की नुसतीच काढतात, हे वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. वावडिंगाच्या डब्यावर माझ्याच हाताने ‘कृमिनाशक’ लिहिलेलं आहे, म्हणजे ते बाद. गंधक तर माणसालाही सोडत नाही. शंखभस्म हातात घेतलं आणि लक्षात आलं की शंख हेही कोणाचं तरी घरच होतं. तोही डबा परत फळीवर ठेवला.

मंगळवारी साक्रीकडचा अभिमन आला. हा माणूस डोंगरातून हिरडा आणि डिंक आणतो, सचोटीचा आहे. त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे नाल्याच्या काठाला पांढरी माती आहे, पोटात मुरडा आला की बाया ती पाण्यात कालवून पितात आणि सकाळी जंत पडतात. मी विचारलं, मेलेले की जिवंत? त्याने हातातला डिंक खाली ठेवला. मग म्हणाला, “वळवळ करतस ना, आबा.” अक्का, मला हर्ष झाला. मी त्याला ती माती आणायला सांगितली आणि दोन दिवसांत त्याने पोतंभर आणूनही दिली.

आता पुढचा घोळ ऐका. माती भिजवली, ढवळली, फडक्यातून गाळली, निवळून वाळवली. हात धुतले आणि आठवलं की कच्ची माती हीसुद्धा आपल्यात सजीवच धरतात. मग ती निर्जीव करायला तव्यावर भाजायला घेतली. भाजता भाजता वाटलं, हे मी काय करतोय? पण तोवर अर्धी भाजून झाली होती. म्हटलं, निदान पोटात जाताना तरी तिच्यात जीव नाही. त्यात चवीपुरतं सैंधव घातलंय. बस, दोन्ही खनिजं. पाला नाही, मूळ नाही, प्राण्याचं काही नाही.

माझा हिशोब असा की पोपडे चंद्रकांता खात नाही, तिच्या पोटातले जंत तिला खायला लावतात. त्यांना मातीच हवी आहे ना? मग चांगली माती द्यायची. जंत तिच्यात गुंडाळला जातो आणि गुंडाळलेला बाहेर पडतो. हे मला पटतं. मधूनच पटेनासं होतं. जेवण झालं की परत पटतं.

मोतीलाल जळगावला निघाला आहे, त्याच्याबरोबर चाळीस पुड्या पाठवतो. रोज सकाळी अनशापोटी एक पुडी ताकातून द्यावी. पुड्या हीराने बांधल्या आहेत. ती चंद्रकांतासाठी रोज एक माळ फिरवते.

आपला,
दीपचंद


जळगाव,
३१ जुलै १९६८

चि. दीपचंद यास आशीर्वाद.

पुड्या मिळाल्या. दहा दिवस झाले, रोज देते आहे. तू माती भाजलीस हे मला आधी रुचलं नाही. माझ्या सुनेच्या पोटातले जीव वाचवायला तू तव्यावर दुसरे जीव भाजलेस, मग यात मिळवलं काय? दोन दिवस मी पुड्या कपाटात ठेवून दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ही जिन्यावर घेरी येऊन बसली, तेव्हा काढल्या.

बाहेर पडलेल्या जंतांचं काय करायचं हे तू लिहिलं नाहीस. उन्हात टाकले तर तडफडून मरतील. मी चंद्रकांताला मागच्या अंगणात लिंबाखालची ओलसर, सावलीची जागा दाखवून ठेवली आहे, तिथे हळूच ठेवायचे. पण अजून एकही दिसला नाही म्हणते. मी रोज विचारते. ती रोज मान हलवते. लेखणी पुन्हा थांबली बघ.

एक गोष्ट मात्र मला उमगत नाही. ही ती पूड इतक्या आवडीने खाते की चमचा चाटते, पुडीचा कागदही चाटते. परवा एकाऐवजी दोन पुड्या खाल्ल्या. औषध कोणी असं चाटून पुसून खातं का? आपण तर लहानपणी एरंडेल पाहिलं की पळायचो. माती लागू पडली म्हणून आवडते की जंतांनाच आवडते, ते तूच सांग. सूज आहे तशीच आहे.

जतनबाई


धुळे,
५ ऑगस्ट १९६८

ती. अक्कांना नमस्कार.

आवडते ही खूण चांगली की वाईट, यावर मी दोन दिवस विचार केला. सकाळी वाटतं चांगली आणि दुपारी वाटतं वाईट. चालू ठेवा. अभिमन म्हणतो, महिना लागतो. मागे विचारलं होतं तेव्हा एका रात्रीत पडतात म्हणाला होता. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाला, शहरातल्या माणसाला वेळ लागतो.

आणखी तीस पुड्या पाठवतो. गंमत म्हणजे हीराही पुड्या बांधता बांधता बोट चाटते. मी म्हटलं, अगं, औषध आहे ते. म्हणाली, भाजलेल्या मातीचा वास फार छान येतो. हल्ली तीही जरा थकल्यासारखी दिसते. इथल्या महासतीजींचा मुक्काम गावाबाहेरच्या मळ्यात होता तेव्हा आठ-पंधरा दिवस चिखलातून अनवाणी दर्शनाला जात होती, त्याचा शीण असेल.

दीपचंद


जळगाव,
२२ ऑगस्ट १९६८

चि. दीपचंद यास अनेक, अनेक आशीर्वाद.

अरे, गुण आला! चंद्रकांता काल माडीवर दोनदा चढली आणि एकदाही बसली नाही. पायांची सूज उतरली. ओठांना रंग आला. परवा दोन भाकरी खाल्ल्या आणि भिंतीकडे ढुंकून पाहत नाही. मी मुद्दाम पोपडे मोजून ठेवले होते, जसेच्या तसे आहेत. इतकंच काय, आता तिला पुडीसुद्धा नकोशी झाली आहे. म्हणजे बघ, जंत गेले, त्यांची मातीची आवड त्यांच्याबरोबर गेली! तुझा हिशोब तंतोतंत खरा ठरला.

ते दिसले मात्र नाहीत. मी म्हटलं, असू दे, लाजरे असतील. आपापल्या पायांनी गेले, एकाचाही जीव गेला नाही, माझा नियम राहिला. पर्युषण सुरू झालं आहे. स्थानकात मी चारचौघींत सांगितलं की माझ्या भावाने काढलेल्या मातीने असं असं झालं. त्या गूळवाल्या चार घरांतही सांगून आले. हे सगळं लिही म्हणते तर ही खाली मान घालून बसली आहे. स्वतःचं कौतुक लिहायला लाजते.

जतनबाई


धुळे,
२५ ऑगस्ट १९६८

ती. अक्कांच्या पायांशी दीपचंद.

तुमचं पत्र मी हीराला तीनदा वाचून दाखवलं आणि दुकानात आलेल्या माणसांनाही दाखवलं. शिंदखेड्याचा चिंधा पाटील दहा पुड्या घेऊन गेला. शिरपूरहून निरोप आला. मी सगळ्यांना सांगतो, जळगावला माझ्या सख्ख्या भाचसुनेवर अनुभव घेतला आहे.

आणि बरं झालं पत्र वेळेवर आलं. अक्का, हीराला बरं नाही. मी शीण म्हणत होतो, पण तो शीण नव्हे. चंद्रकांताचं तुम्ही जे जे लिहिलं होतं ते सगळं तिला आहे. पांढरा चेहरा, धाप, पायांवर सूज. चुलीमागची माती उकरताना मी तिला परवा पाहिलं. इथल्या वैद्यांनी सरकारी दवाखान्यात दाखवा असं सांगितलं. मी हसलो. ज्याच्या घरात औषध तयार होतं त्याने दवाखान्याच्या रांगेत कशाला उभं राहायचं? कालपासून तिला पुडी सुरू केली आहे. तीही चाटून खाते. आता मला ठाऊक आहे की ही खूण चांगली. पर्युषणात तिला तेला करायचा होता, तीन दिवसांचे उपवास. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही.

दीपचंद


जळगाव,
२९ ऑगस्ट १९६८

ती. मामाजी व मामीजी यांस लालचंद, चंद्रकांता आणि सासूबाई यांचे खमतखामणा.

काल संवत्सरी झाली. वर्षभरात मनाने, वाणीने, देहाने आमच्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर अंतःकरणापासून क्षमा मागतो.

मामाजी, सासूबाईंनी दरवर्षीसारखंच क्षमेचं पत्र लिहायला सांगितलं आहे. खालचं मी माझं लिहिते. मी तुमच्याशी खोटेपणाने वागले. जे तुम्हाला सांगायला हवं होतं ते लपवलं. माझ्या लपवण्याने तुमच्या घरात कोणाचं अहित होईल अशी मला फार भीती वाटते. माझ्यावर विश्वास ठेवून काही करू नका. मला क्षमा करा.

चंद्रकांता


धुळे,
४ सप्टेंबर १९६८

ती. अक्का, चि. लालचंद व चि. सौ. चंद्रकांता यांस दीपचंद व हीराचे खमतखामणा.

संवत्सरीची साठ-सत्तर पत्रं आली, पण चंद्रकांताच्या पत्रासारखं एकही नाही. सगळे आपले छापील कार्डावर सही ठोकून देतात. या मुलीने किती मनापासून लिहिलं आहे! मी ते हीराला वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, एवढीशी पोर, हिने आपलं काय खोटं केलं असेल? मुली, तुला आमची पूर्ण क्षमा आहे. तुझ्यासारखी नम्रता आम्हा सगळ्यांना येवो.

अक्का, आता कामाचं. हीराला उतार नाही. दहा दिवस पुड्या चालू आहेत आणि धाप वाढली आहे. काल पाण्याचा हंडा उचलताना खाली बसली ती उठेना. मी तिला धरून आत नेलं. माती तीच, भाजली तशीच, सैंधव त्याच पोत्यातलं. मग चंद्रकांताला लागू पडली आणि हिला का नाही? मला वाटतं मात्रा कमी पडते आहे. दुप्पट करू का? तुम्हाला अनुभव आहे. तुम्ही सांगाल तसं करतो. उलट टपाली कळवा, मी तोवर दवाखान्याचा विचार करत नाही.

दीपचंद


जळगाव,
६ सप्टेंबर १९६८

मामाजी,

सासूबाई माझ्यासमोर पाटावर बसून सांगत आहेत. मात्रा दुप्पट कर, सकाळ-संध्याकाळ दे, चंद्रकांताला आला तसा हीरालाही गुण येईल, असं त्या म्हणत आहेत. मी मान हलवते आहे आणि हे लिहिते आहे. त्यांनी सांगितलेलं मी लिहिणार नाही.

मामीजींना हे पत्र वाचून होताच सरकारी दवाखान्यात न्या. टांगा करा, चालवत नेऊ नका.

मला तुमच्या मातीने गुण आलेला नाही. एक ऑगस्टला सासूबाई स्थानकात गेल्या होत्या, तेव्हा आमच्याकडे दूध घालणारी ताईबाई मला दवाखान्यात घेऊन गेली. मी अंगणात पुडीचा कागद चाटत होते ते तिने पाहिलं. ती म्हणाली, “बाई, माटी खाईसन कोनी बरं व्हयेल शे का?” तिची बहीण अशीच माती खात खात गेली होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, रक्त उरलंच नाही, म्हणून माती खावीशी वाटते. जंतांना माती नको असते, ती रक्त कमी झालेल्या माणसाला हवीशी वाटते. त्यांनी जंताचं औषध तिथेच समोर उभं राहून प्यायला लावलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या मी धान्याच्या कोठीत लपवल्या आहेत, अजून घेते. औषध घेतल्यावर बारा-तेरा दिवसांनी तुमची पूड तोंडाजवळ नेववेना. उरलेल्या पुड्या मी अंगणात ओतल्या.

जंत पडले. मेलेले होते. सासूबाईंनी लिंबाखाली जी जागा दाखवली होती तिथे मी ठेवले नाहीत. मी त्यांना रोज मान हलवून नाही म्हटलं.

मला वाटलं होतं यात कोणाचं बिघडत नाही. सासूबाईंचा नियम त्यांच्या मनात शाबूत राहील, मी जगेन, तुम्हाला आनंद होईल. बावीस तारखेचं ते पत्र लिहिताना मी शरमेने खाली मान घातली होती आणि त्यांना ते लाजणं वाटलं. मग तुमचं पत्र आलं की मामीजींना पुड्या सुरू केल्या. ते सासूबाईंना मीच मोठ्याने वाचून दाखवलं. संवत्सरीच्या पत्रात मी तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला. स्पष्ट लिहायचं धाडस झालं नाही, ते पत्र घरात कोणी वाचलं तर माझं काय होईल याचाच विचार केला. तुम्ही लगेच क्षमा केलीत. मला क्षमा नको होती, मामाजी. तुम्ही विचारायला हवं होतं.

सासूबाई विचारत आहेत, एवढं काय लिहितेस. मी म्हटलं, मामीजींची काळजी घ्यायला लिहिते.

चंद्रकांता


धुळे,
१४ सप्टेंबर १९६८

चि. सौ. चंद्रकांता,

तुझं पत्र आठ तारखेला आलं. मी ते दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि डबे उघडे टाकून घरी पळालो. हीराला टांग्यात घातलं तेव्हा तिची मान माझ्या खांद्यावर लुळी पडली होती. दवाखान्यात डॉक्टर मला जे बोलले ते मी लिहीत नाही, मला ते बोलायलाच हवं होतं. दोन बाटल्या रक्त दिलं. माझं जुळलं नाही. आमच्या गल्लीतल्या पुना हमालाचं जुळलं. मी विचारायच्या आधी तो बाही वर करून बसला होता.

ती आज उठून बसते. पण मुली, संकट टळलेलं नाही. जंताचं औषध घ्यायला ती तयार नाही. डॉक्टर म्हणतात, जंत पोटात आहेत तोवर वरून भरलेलं रक्त पुन्हा जाणार, आणि या खेपेला ती वाचली तशी पुढच्या खेपेला वाचेलच असं नाही. मी हात जोडले. ती म्हणते, अक्कांच्या घरात चातुर्मासात एकही जीव न मारता जंत गेले, मग माझे का जाणार नाहीत? माझीच श्रद्धा कमी पडत असेल. मी तिला तू औषध घेतल्याचं सांगितलं, तर म्हणाली, मला औषध पाजायला तुम्ही त्या पोरीवर आळ घेता. मग तुझं पत्र दाखवलं. तिने बावीस तारखेचं पत्र उशाखालून काढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. म्हणाली, “अक्षर एकाच हाताचं आहे. यातलं कुठलं खरं मानू?”

मलाही खरं-खोटं काही कळेनासं झालं आहे. काल चिंधा पाटील आला, त्याला गुण आला म्हणतो आणि अजून दहा पुड्या मागतो. मी पोतं मागच्या खोलीत लोटून वर कुलूप घातलं. त्याला का गुण आला, किंवा आला असं त्याला का वाटतं, हे मी कोणाला विचारू?

हीरा म्हणते, अक्कांनी घे म्हटलं तर घेईन, दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून नाही. तू अक्कांना सांगशील का? तुला काय सोसावं लागेल याची मला कल्पना आहे. तरी मागतो आहे. हे पत्र अक्कांना तूच वाचून दाखवणार, म्हणून कुठे थांबायचं तेही तुझ्यावरच सोपवतो.

दीपचंद


जळगाव,
१८ सप्टेंबर १९६८

चि. सौ. हीरा,

हे अक्षर माझं आहे. तुझ्या लग्नात मानपानाच्या याद्या मी लिहिल्या होत्या, तू ओळखशील. ओळी वाकड्या जात आहेत. मला कागदाची कड दिसते, मधलं दिसत नाही. चंद्रकांता शेजारी बसून माझं बोट ओळीवर आणून ठेवते. पण लेखणी माझी आहे.

परवा तिने मला पत्र वाचून दाखवलं. कुठेच थांबली नाही. वाचून झाल्यावर कोठीतल्या गोळ्या आणून माझ्या हातात दिल्या. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही आणि जेवलेही नाही. तीही जेवली नाही. मग मला कळेना मी कोणावर रागावले आहे. ती खोटं बोलली म्हणून रागावले, तर खरं बोलली असती तर मी तिला औषध घेऊ दिलं नसतं. नियम मी घेतला होता, जंत तिच्या पोटात होते. तिला मी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी मी तिला गोळ्या परत दिल्या आणि म्हटलं, आता चारचौघींसमोर घे.

काल महासतीजींकडे गेले. म्हटलं, घरात नियम मोडला, प्रायश्चित्त द्या. त्यांनी विचारलं, सून कशी आहे? म्हटलं, बरी आहे, जिना चढते. प्रायश्चित्त न सांगता त्या डोळे मिटून बसल्या. याचा अर्थ काय ते मला समजलं नाही. लालचंदला विचारलं, त्यालाही समजलं नाही.

हीरा, जंत हा जीव आहे असं मला अजूनही वाटतं. पण तूही जीव आहेस. दोघंही वाचतील असं औषध तुझ्या नवऱ्याच्या दुकानात नाही. असतं तर त्याने शोधलं असतं, तो वेडा आहे पण आळशी नाही.

तू औषध घे. मी मोठी नणंद म्हणून सांगते, आजच्या आज घे. आणि घेतलंस की तुझ्या हाताने लिहून कळव, त्याच्या हाताने नको. चार दिवसांत तुझं पत्र आलं नाही तर मी धुळ्याला येऊन स्वतः तुझं नाक दाबून पाजेन. चातुर्मासात गाव सोडायचं नाही हाही माझा नियम आहे. तो मोडेन, आणि हीरामुळे मोडला म्हणून साऱ्या नातलगांत सांगत फिरेन.

जतनबाई